दोन मिनिटं खाली या

मैत्री आणि निष्ठा या विषयावर मला कोणी काही शिकवायला जाऊ नये. मी तो विषय बावीस वर्षं शिकवला आहे.

वसईतल्या एका कॉलेजात मी इंग्रजीचा प्राध्यापक होतो. अभ्यासक्रमात एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. कामासाठी गावोगाव फिरणारे दोन मजूर, ना घर ना दार, एकाला दुसरा तेवढा. परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा : स्थलांतरित मजुरांमधली मैत्री आणि निष्ठा, चर्चा करा. त्याचं उत्तर मी सात मुद्द्यांत बसवलं होतं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ते 'सरांचे सात मुद्दे' म्हणून मिळायचं आणि मुलं ते पाठ करून पास व्हायची. पाचव्या मुद्द्याला माझा आवाज भरून यायचा. दरवर्षी त्याच वाक्याला भरून यायचा आणि मागच्या बाकांवरची मुलं त्याची वाट बघत असायची, हे मला निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं.

निवृत्त झालो आणि आमच्या गोखिवऱ्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. हे पद न मागता मिळतं आणि मागूनही सुटत नाही. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना प्रत्येक गोष्टीखाली सही आणि तारीख लागते. कोणी 'शुभ सकाळ' म्हटलं तरी ते त्याची पोच देतील असा चेहरा करतात. सह्या ते तपासायचे आणि पत्रं मी लिहायचो, कारण सगळ्यांच्या मते माझी भाषा चांगली.

त्या वर्षी दिवाळीनंतर इमारतीला बाहेरून रंग काढायचं ठरलं. कंत्राटदार इथलाच, खाडीकडच्या भातशेतीच्या गावातला. त्याने सात मजल्यांकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "सर, परांची बांधाल तर महिना बांबू बांधन्यातच जाईल. झुल्यावर करू. मानसं माझी पक्की हायेत."

पक्की माणसं दुसऱ्या दिवशी आली. दोघंच होती.

झुल्याची पद्धत साधी आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या खांबाला जाड दोर बांधायचा आणि कठड्यावरून खाली सोडायचा. कठड्याला जिथे तो घासतो तिथे खाली गोणपाटाची घडी घालायची. दोरावरून खाली सरकणारी एक फळी असते. फळीवर एक माणूस बसतो, शेजारी रंगाचा डबा लटकवतो आणि रोलर फिरवत फिरवत सातव्या मजल्यापासून जमिनीपर्यंत उतरतो. मग जिन्याने वर येतो, दोर दोन हात बाजूला सरकवतात आणि पुन्हा उतरतो. दुसरा माणूस गच्चीवर दोरापाशी बसतो.

तो बसतो, हेच आम्हाला खुपलं.

मी मनातल्या मनात त्यांना झुलेवाला आणि गच्चीवाला अशी नावं ठेवली. झुलेवाला चाळिशीतला, काटक, बोलका, बिहारकडचा. गच्चीवाला पन्नाशीचा, जाड बोटांचा, गप्प, ओडिशाचा. भाषा वेगळी, जात वेगळी, गावांमध्ये दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. आपसात बोलायचे ते नालासोपाऱ्यात तयार झालेल्या हिंदीत. आचोळ्यात एका खोलीत राहायचे आणि सकाळी बरोबर यायचे. डबाही एकच असायचा.

सकाळी नऊ वाजता मी गच्चीवर फेऱ्या मारतो. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मारतो आणि प्रत्येक फेरीत जगावर लक्ष ठेवतो. मला दिसायचं ते असं. गच्चीवाला गाठ मारायचा. बराच वेळ लावून, शांतपणे. मग पालथ्या बादलीवर बसून एक हात दोरावर ठेवायचा आणि मान हलवायचा. झुलेवाला कठड्यावरून पाय टाकून सरळ उतरायचा. गाठीकडे बघायचासुद्धा नाही. चार दिवस मी हे बघितलं. पाचव्या दिवशी न राहवून म्हणालो, "अरे, गाठ एकदा बघून घेत जा. सात मजले आहेत."

तो हसला. "बाँधी तो इसने है ना, सर," म्हणाला आणि उतरला.

मी डायरीत लिहिलं : सुरक्षेबाबत निष्काळजीपणा.

गच्चीवाला दिवसभर तिथेच असायचा. ऊन सरकायचं, तो सरकत नसे. रंग ढवळत नसे, पाणी भरत नसे. कठड्याशी वाकून गोणपाटाची घडी नीट करायचा, पुन्हा बसायचा. एकदा चेअरमन माझ्याबरोबर वर आले होते. त्यांनी पाच मिनिटं त्याचं निरीक्षण केलं आणि जिन्यात म्हणाले, "सर, दोन माणसं लावलीत. एक काम करतो, दुसरा बसून बघतो. हे काय सरकारी खातं आहे का?"

मी हसलो. विनोद बरा होता. पुढे दोन दिवस मी तो माझाच म्हणून सांगितला.

माझी बायको त्या दिवसांत गच्चीवर आवळासुपारी वाळवत होती. तिचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट आहे, पण ती ते न लाजता बोलते. म्हणून लोक तिला उत्तरं देतात. ती त्याला चहा नेऊन द्यायची. तिने बघितलं, तो चहा डाव्या हाताने पितो आणि उजवा दोरावरून उचलत नाही. एकदा तिच्या ताटावर कावळा बसला. हा हातभर अंतरावर होता. तोंडाने हाऽऽड हाऽऽड केलं, पण जागचा हलला नाही. तिला आधी राग आला. मग तिने विचारलं.

जेवताना ती मला सांगत होती. हा पूर्वी झुल्यावर असायचा. वालीवला एका शेडचं काम करताना पडला. डावा खांदा गेला, हात खांद्याच्या वर उचलला जात नाही. रंगाऱ्याचा हात वर जात नसेल तर त्याला कोण घेतो? पण झुलेवाला प्रत्येक कंत्राटदाराला सांगतो, दोघं किंवा कोणीच नाही. "त्याच्यामुळेच याला काम आहे हो," ती म्हणाली. "नाही तर गावी जाऊन बसावं लागेल, असं म्हणत होता. तिथे कोणी राहिलेलं नाही त्याचं."

मी "हं" म्हणालो. माझ्या 'हं'मध्ये किती न ऐकणं असतं ते तिला पस्तीस वर्षांत कळलेलं आहे. पण ऐकलं होतं मी. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाही तर पुढे वाटेल की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मग तो बुधवार आला.

चेअरमनच्या लक्षात आलं की दहा दिवस झाले तरी कामगारांची नोंद झालेली नाही. आधारकार्डाची प्रत, रजिस्टरात सही आणि गेटवरच्या मशीनवर फोटो. झुलेवाल्याची झाली होती, कारण तो दिवसातून पाच वेळा जमिनीवर यायचा. गच्चीवाल्याची राहिली होती. चेअरमन म्हणाले, आत्ताच्या आत्ता बोलवा. सकाळचे अकरा वाजले होते.

मी वॉचमनला पाठवलं. वॉचमन परत आला आणि म्हणाला, तो आत्ता येत नाही म्हणतोय.

मी पुन्हा पाठवलं. सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलंय म्हणून सांग, म्हटलं. वॉचमन परत आला. तेच.

मग मी स्वतः गेलो. वर नाही, कंपाउंडमध्ये. वर जायला लिफ्ट होती, पण बोलावलेल्या माणसाकडे आपण जायचं नसतं, अशी माझी समजूत. मी मध्यभागी उभा राहिलो आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात ओरडलो, "ओ भाई! दो मिनिट नीचे आओ!"

झुलेवाला पाचव्या मजल्यापाशी लटकत होता. त्याचा रोलर थांबला. कठड्यावरून गच्चीवाल्याचं डोकं दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"अरे, फक्त दो मिनिट! सही करके जाओ!"

पुन्हा मान हलली. मग डोकंच दिसेनासं झालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बाया बाल्कनीत आल्या होत्या. भाजीवाला थांबला होता. शाळेच्या रिक्षाची वाट बघणारे आजोबा बघत होते. चेअरमन माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय हे सर, तुमचंसुद्धा ऐकत नाही?"

ते 'तुमचंसुद्धा' फार लागलं. मी वर्गात शिरलो की साठ मुलं उभी राहायची. आणि हा माणूस बादलीवरून उठत नाही. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तडक घरी आलो आणि कागद घेतला. निवृत्तीनंतर हातात सत्ता म्हणून फक्त लेटरहेड उरलं होतं. सुंभ जळला होता, पीळ शाबूत होता.

पत्र एका बैठकीत झालं. सदर कामगाराचे वर्तन असहकार्याचे व उद्धटपणाचे असून सोसायटीच्या शिस्तीस बाधक आहे. दोरापाशी बसून राहण्याचे काम कोणीही इसम करू शकेल. तरी सदर इसमास तात्काळ बदलून अन्य इसम नेमावा.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती आवळे बरणीत भरत होती.

"अहो, पण तो दोर सोडून कसा येणार?" ती म्हणाली. "खाली माणूस लटकलेला होता ना?"

इथे माझी खरी परीक्षा होती आणि इथेच मी नापास झालो. कारण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला ते पटलं होतं. अगदी लख्ख कळलं होतं. कागद फाडायचा, एक वाजता वर जायचं आणि ते जेवत असताना सही घ्यायची, इतकं सोपं होतं. पण दोन बाया बाल्कनीत आल्या होत्या. शिवाय पत्र चांगलं जमलं होतं. 'बाधक' हा शब्द किती दिवसांनी वापरायला मिळाला होता. मी म्हणालो, "प्रश्न दोराचा नाही, वृत्तीचा आहे," आणि खाली सही केली. तारीखही घातली.

कंत्राटदाराचा फोन आला. "सर, त्या मानसाला काढला तर दुसरा उतरनार नाय. जोडी हाय ती."

"मग दुसरा माणूस बसवा वर. दोर धरून बसायचंय. त्याला काय पदवी लागते?"

"तुमची मर्जी, सर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फेऱ्या चालू असताना झुलेवाला एका तरुण, धडधाकट माणसाबरोबर वर आला. नवा माणूस उत्साही होता. गाठ चटकन मारली, गोणपाट ठेवलं, रंगही ढवळला. मला बरं वाटलं. अशी असते वृत्ती, मी मनाशी म्हणालो.

झुलेवाला कठड्यावर बसला. एक पाय बाहेर टाकला. मग पाय आत घेतला, खांबापाशी गेला आणि गाठ बघितली. ओढून बघितली. परत कठड्याशी आला, बसला, पुन्हा उठला आणि पुन्हा गाठ बघितली. माझ्या डायरीतली सूचना अखेर अमलात येत होती. मी कौतुकाने मान डोलावणार, तेवढ्यात त्याने रोलर डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि नव्या माणसाला म्हणाला, "तेरी गलती नहीं है भाई।" मग तो जिन्याने निघून गेला.

इमारत अर्धी पिवळी, अर्धी काळपट अशी राहिली. रंगाची रेघ नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबली होती.

त्या रविवारी ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं भाषण होतं. महिन्यापूर्वीच ठरलेलं. विषय मीच दिला होता आणि तो कोणता होता ते सांगायला नको. सोसायटीच्या ऑफिसात पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या. मी ती कादंबरी सांगितली, ते दोन मजूर उभे केले आणि सातही मुद्दे घेतले. पाचव्याला आवाज भरून आला. इतक्या वर्षांची सवय, तिला बाहेर काय चाललंय त्याच्याशी कर्तव्य नसतं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले.

प्रश्नोत्तरांत माझ्या बायकोने हात वर केला. पस्तीस वर्षांत तिने मला जाहीरपणे एकही प्रश्न विचारलेला नाही. घरी मिळतात तेवढे तिला पुरतात.

"समजा," ती म्हणाली, "त्या दोघांतल्या एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात आहे. आणि तेवढ्यात मालकाने हाक मारली, जरा दोन मिनिटं ये. तर त्याने जावं का?"

"छे!" सगळं मंडळ एका आवाजात म्हणालं. सगळ्यात मोठा आवाज चेअरमनचा होता. "मुळीच जाता कामा नये, वहिनी. मग निष्ठा ती कसली?"

"तेच म्हटलं, विचारावं," ती म्हणाली आणि बसली.

चहा झाला. चेअरमनने माझा हात हातात घेऊन सांगितलं की आजकाल अशी माणसं राहिली नाहीत. ते जिथे उभे होते तिथून खिडकीतून अर्धी पिवळी भिंत दिसत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत असताना फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली होती. अक्षर छान आल्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "उद्या जातो आचोळ्याला."

"स्वेटर घालून जा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी साडेसातला रिक्षाने आचोळ्याच्या मजूर नाक्यावर उतरलो. थापी घेतलेले गवंडी, करवतीवाले सुतार, ब्रश घेतलेले रंगारी, दीडदोनशे माणसं उभी होती. ती दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर दिसली. मी लगेच पुढे गेलो नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि काय बोलायचं त्याचे मुद्दे काढू लागलो. सवय.

एक माणूस स्कूटरवरून आला. झुलेवाल्याला विचारलं, "रंगवाला एक चाहिए।"

"दो हैं," झुलेवाला म्हणाला.

त्या माणसाने गच्चीवाल्याकडे बघितलं. "हाथ ऊपर करके दिखा।" गच्चीवाल्याने डावा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. स्कूटर निघून गेली. थोड्या वेळाने एक टेम्पोवाला आला. तेच. "दो हैं।" टेम्पोही गेला. गच्चीवाला काहीतरी पुटपुटला, बहुतेक 'तू जा' असं. झुलेवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला लाज वाटली. माझ्या एका सुरेख पत्राने हा माणूस या पायरीवर आणून बसवला होता आणि दुसरा स्वतःहून त्याच्याशेजारी येऊन बसला होता.

मी गेलो. गच्चीवाल्याने मला ओळखलं आणि बसायला जागा करून दिली. मी माझ्या हिंदीत सुरुवात केली की सोसायटीचे काही नियम असतात, रजिस्टर पूर्ण करावं लागतं, गैरसमज झाला. दोघं ऐकून घेत होते. माझं वाक्य काही केल्या संपेना. शेवटी म्हणालो, "मेरी गलती हुई। वापस चलो, दोनों।"

झुलेवाला रस्त्याकडे बघत म्हणाला, "सर, वालीव में जब ये गिरा, तब ये झूले पे था। ऊपर रस्सी पे मैं था।"

मला हे माहीत नव्हतं. बायकोलाही नव्हतं.

"सेठ ने नीचे से आवाज़ दी। दो मिनट नीचे आ, एक साइन कर। मैंने सोचा, सेठ बुला रहा है। गया। बोरी खिसक गई, रस्सी पत्रे पे घिस गई। दो मिनट भी नहीं हुए थे।"

"छोड़ ना," गच्चीवाला म्हणाला.

"तब से ये ऊपर बैठता है, मैं लटकता हूँ।"

मी सात मुद्दे शिकवले होते. हे त्यांत कुठेच नव्हतं. ज्याने दोर सोडला होता तो आता दोराला लटकत होता. आणि जो पडला होता तो त्याचा दोर धरून बसत होता, बादलीवरून न उठता. मी त्याला कंपाउंडमधून दो मिनिट नीचे आओ म्हणून ओरडलो होतो, दोनदा. तेव्हा झुलेवाल्याचा रोलर का थांबला होता, तेही आता कळलं.

कंत्राटदाराला फोन केला. सोसायटीतर्फे नवं पत्र दिलं : पूर्वीचे पत्र रद्द समजावे. चार ओळींचं झालं. पहिल्याइतकं जमलं नाही. चेअरमनने सही केली आणि विचारलं, "पण नोंदीचं काय?"

"ते मी बघतो," म्हणालो.

मंगळवारी ती दोघं आली. अकराच्या सुमाराला मी रजिस्टर काखेत मारून स्वतः गच्चीवर गेलो. या वेळी मी वर गेलो होतो, हे कोणीतरी पाहावं असं मला वाटत होतं. कोणी नव्हतं. गच्चीवाला बादलीवर होता, हात दोरावर. मी गुडघ्यावर रजिस्टर धरलं, त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. आधारकार्ड खिशात होतंच. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. राहिला फक्त गेटवरच्या मशीनचा फोटो, तो तिथेच काढावा लागतो.

आणि तेव्हा मला ते सुचलं. मन अगदी भरून आलं होतं. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "मैं बैठता हूँ रस्सी के पास। तुम आराम से जाके आओ। पाँच मिनिट।"

खरं सांगतो, मला वाटलं होतं की तो हेलावून जाईल.

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग डावा हातही उचलून दोरावर ठेवला. आता दोन्ही हात दोरावर होते.

"एक बजे, सर," तो हळूच म्हणाला. "खाने के टाइम।"

मला हात मागे घ्यायला थोडा वेळ लागला. पण मी खाली गेलो नाही. एका विटेवर बसून राहिलो, त्याच्यापासून दोन हातांवर, दोराला न शिवता. मला तिथे बसायचं होतं. प्रायश्चित्त म्हणा किंवा आगाऊपणा म्हणा. एक वाजता झुलेवाला जमिनीवर पोहोचला, जिन्याने वर आला आणि मला बघून जरा थबकला. गच्चीवाला गेटवर जाऊन पाच मिनिटांत परत आला. एकाच डब्यातून दोघं जेवले. मलाही भाताचा एक घास दिला. मी तो खाल्ला. आता आपलं जमलं, असं मला वाटलं.

जेवण झाल्यावर दोर सरकवला. गच्चीवाल्याने गाठ मारली, नेहमीसारखी, बराच वेळ लावून. बादलीवर बसला आणि मान हलवली. झुलेवाल्याने कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी विटेवर बसलेलो होतो, खांबाजवळ. मी हसलो.

त्याने पाय आत घेतला, खांबापाशी आला, वाकला आणि गाठ तपासली. ओढून बघितली. गच्चीवाल्याला त्याचा राग आला नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं आणि मग नजर खाली वळवली, मला अवघडायला नको म्हणून.

मी उठलो. रजिस्टर घेतलं आणि जिन्याने खाली आलो.

स्वयंपाकघरात बायकोने विचारलं, "झाली सही?" मी हो म्हणालो आणि खिडकीशी उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी त्याची फळी खिडकीसमोर आली. त्याने मला आत बघितलं, 'नमस्ते सर' म्हणाला आणि रोलर फिरवत खाली उतरत गेला. एकदाही वर न बघता.